वडिलांची मंडळी

लहानपणी माझा असा पक्का समज होता की आमची मंडळी, म्हणजे गावातल्या ख्रिस्ती लोकांचा उपासक समाज, अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, मालकीची आहे. तसा समज व्हायला कारणही होते. रविवारच्या उपासनेत पाळकसाहेब, म्हणजे मंडळीचे धर्मगुरू, बायबलमधला पाठ वाचत आणि त्यात 'मंडळीचे वडील' हा शब्द पुन्हा पुन्हा येई. माझे वडील उजवीकडच्या पहिल्या बाकावर, धुतलेल्या धोतरावर काळा कोट घालून बसलेले असत, आणि दानाच्या पिशव्या फिरून आल्या की त्या मोजायला आतल्या खोलीत जाणाऱ्या चौघांत तेही असत. मंडळीचे वडील म्हणजे माझेच वडील, हे मला इतके उघड वाटे की त्याबद्दल कधी कोणाला विचारावे असेही मनात आले नाही. पुढे शाळेत एका मैत्रिणीला मी हे मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा तिने विचारले, "मग तुम्ही लोक भाडं घेता काय देवाकडनं?"

हे आठवायला निमित्त झाले ते आमच्या तरुण संघातल्या एका मुलाच्या प्रश्नाचे. मी निवृत्त शिक्षिका. गेली बावीस वर्षे कोल्हापुरात राहते, पण नाताळ, पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आणि हंगामाचा सण या तीन दिवशी न चुकता वारणाकाठच्या आमच्या गावी जाते. गेल्या नाताळात कंदिलांच्या तारा ओढता ओढता त्या मुलाने विचारले, "बाई, आपल्याला प्रेसबिटेरियन का म्हणतात? चर्चच्या फलकावर तर तसं कुठंच लिहिलेलं नाही." मी शिक्षकी सवयीने दोन वाक्यांत उत्तर दिले, त्याचे समाधान झाले आणि तो शिडीवर चढला. माझे मात्र झाले नाही. दोन वाक्यांत मी जे सांगितले ते खरे होते, पण त्यात आमची मंडळी कुठेच नव्हती.

आधी शब्दाचा उलगडा करते, कारण तो सोपा आहे. प्रेसबुतेरोस हा ग्रीक शब्द आहे आणि त्याचा अर्थ वयाने किंवा मानाने ज्येष्ठ, म्हणजे वडील. मराठी बायबलने तो शब्द तसाच सरळ आपल्या घरातून उचलला. सोळाव्या शतकात जिनिव्हात जॉन कॅल्व्हिनने आणि त्यानंतर स्कॉटलंडात जॉन नॉक्सने जी मंडळीची व्यवस्था उभी केली, तिच्यात बिशपाला, म्हणजे अनेक मंडळ्यांवरच्या धर्माधिकाऱ्याला, जागा नव्हती. मंडळीने आपल्यातून वडील निवडायचे, त्यांनी पाळकाबरोबर बसून कारभार पाहायचा, अशा पाच-पंचवीस मंडळ्यांच्या पाळकांनी आणि वडिलांनी मिळून प्रेसबिटरी करायची, तिच्या वर सिनड आणि सिनडच्या वर सर्वसाधारण सभा. पाळक हा वरून नेमलेला अधिकारी नसतो; मंडळीने बोलावले तर तो येतो. आणि सभेत पाळकाच्या मताला जेवढे वजन तेवढेच हात मातीत असलेल्या वडिलाच्या मताला.

आमच्याकडे बोलण्यात मात्र वडील कोणी म्हणत नाही, 'पंच' म्हणतात. परदेशी मिशनऱ्यांनी आणलेल्या सगळ्या गोष्टींत ही एकच गोष्ट आमच्या लोकांनी कोणी न शिकवता ओळखली असावी, कारण चावडीसमोर पंच बसतात आणि निवाडा करतात हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या पाहिलेले होते, फक्त दुरून, उभ्याने आणि हात जोडून. येथे ते स्वतः बसले. हा फरक लहान नाही, आणि माझ्या मते आमच्या मंडळीचा इतिहास सांगायचा तर तो येथूनच सांगायला हवा. पण त्याआधी हे नाव आमच्यापर्यंत कसे पोहोचले ते पाहिले पाहिजे, कारण ते धर्मशास्त्रातल्या कुठल्या मोठ्या निर्णयाने आले नाही. ते एका भांडणातून आले.

कोल्हापुरातल्या वायल्डर मेमोरियल चर्चचे नाव ज्यांच्यावरून पडले ते रॉयल गूल्ड वायल्डर १८१६ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट प्रांतात जन्मले. १८४६ मध्ये ते अमेरिकन बोर्ड या परदेशी मिशनरी पाठवणाऱ्या संस्थेचे मिशनरी म्हणून हिंदुस्थानात आले आणि पहिली काही वर्षे अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, शिकवण्याचे काम करत होते. बॉस्टनचा हा अमेरिकन बोर्ड मुख्यतः काँग्रिगेशनल पंथाच्या लोकांचा होता, म्हणजे ज्यांच्यात प्रत्येक मंडळी स्वतःपुरती स्वतंत्र असते आणि तिच्या वर प्रेसबिटरी किंवा सिनड असे काही नसते. १८५२ मध्ये वायल्डर पतीपत्नी कोल्हापुरास आले. रेल्वे येथे यायला अजून एकोणचाळीस वर्षे होती. मिरजेहून कोल्हापूरला गाडी सुरू झाली ती १८९१ साली. संस्थानात गडकऱ्यांचे बंड होऊन जेमतेम आठ वर्षे झाली होती, कारभारावर इंग्रज पोलिटिकल अधिकाऱ्याचा वचक होता, आणि अंबाबाईच्या या नगरीत परक्या धर्माचा उपदेशक घर करून राहणार ही गोष्ट कोणालाही रुचण्यासारखी नव्हती. वायल्डरांनी उपदेशाबरोबर शाळा काढल्या, आणि मुलींनाही शिकवायला घेतले.

शाळांवरूनच भांडण लागले. बोर्डाचे परराष्ट्र चिटणीस रूफस अँडरसन हे त्या काळच्या मिशन जगातले सर्वांत वजनदार गृहस्थ होते. १८५४-५५ मध्ये ते स्वतः हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आले आणि त्यांनी मिशनच्या कामाची घडीच बदलायला घेतली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते की मिशनचे काम मंडळ्या स्थापन करण्याचे आहे, शाळा चालवण्याचे नव्हे. इंग्रजी शाळांतून मुले शिकतात आणि सरकारी नोकरीत जातात, मंडळीला त्याचा उपयोग नाही. त्यापेक्षा गावोगाव लहान मंडळ्या कराव्यात, त्यांचा पाळक त्यांच्यातलाच असावा, त्याचा पगार त्यांनीच द्यावा आणि प्रसारही त्यांनीच करावा. मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार पाहावा, हे सूत्र त्यांच्याच नावाने प्रसिद्ध आहे.

वायल्डरांना हे पटले नाही. जेथे शंभरात दोन माणसांनाही अक्षर येत नाही तेथे शास्त्र वाचणार कोण आणि पाळक कोठून आणणार, असा त्यांचा सवाल होता. पत्रे झाली, छापील पुस्तिका झाल्या, आणि अखेर बोर्डाने कोल्हापूरच्या कामावरचा हात काढून घेतला. दुसरा कोणी असता तर गाठोडे बांधून परत गेला असता. वायल्डर १८६१ मध्ये कोणत्याही बोर्डाचा आधार नसताना, मित्रांनी दिलेल्या देणग्यांवर, कोल्हापुरात पुन्हा काम करू लागले आणि जवळपास दहा वर्षे त्यांनी ते तसेच ओढले. माझा स्वभाव हट्टी माणसांना लगेच मोठे म्हणण्याचा नाही; मी तीस वर्षे शाळेत काढली आहेत आणि हट्टी माणसांबरोबर काम करणे काय असते ते मला माहीत आहे. पण मुलांना अक्षर आले पाहिजे यासाठी वरिष्ठांशी भांडलेला माणूस माझ्या मनातून जात नाही, हेही खरे.

१८७० मध्ये हे काम अमेरिकेच्या प्रेसबिटेरियन बोर्डाने आपल्याकडे घेतले. तिकडे १८३७ पासून दुभंगलेली प्रेसबिटेरियन मंडळी नुकतीच पुन्हा एक झाली होती आणि तिच्या बोर्डाला नवी क्षेत्रे घेण्याचे बळ आले होते. अशा रीतीने कोल्हापूरचे ख्रिस्ती लोक एका दिवसात प्रेसबिटेरियन झाले. कोल्हापूरकरांच्या लक्षात १८७० हे साल वेगळ्या कारणाने आहे. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात राजाराम महाराज युरोपच्या प्रवासातून परतताना फ्लॉरेन्सला निवर्तले आणि आर्नो नदीकाठी त्यांचे दहन झाले. त्या धामधुमीत शहराबाहेरच्या मूठभर लोकांच्या पंथाचे नाव बदलले याची गावाला खबरही नसणार. ज्यांचे बदलले त्यांना तरी ती कितपत लागली असेल याची मला शंकाच आहे. उपदेश करणारे साहेब तेच, शाळा त्याच, गीते तीच.

वायल्डर काही वर्षांनी अमेरिकेला परतले. १८७८ मध्ये प्रिन्स्टनहून त्यांनी मिशनकार्याला वाहिलेले एक नियतकालिक सुरू केले आणि १८८७ मध्ये ते वारले. त्यांचा कोल्हापुरात १८६३ साली जन्मलेला मुलगा रॉबर्ट पुढे अमेरिकेतल्या विद्यार्थ्यांच्या मोठ्या स्वयंसेवक चळवळीचा प्रवर्तक झाला. १८८६ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट हर्मन येथे शंभर विद्यार्थ्यांनी परदेशी मिशनला जाण्याची तयारी दाखवली, त्यामागे त्याचा हात होता. मुलगी ग्रेस मात्र वडिलांच्या निधनानंतर आईला घेऊन इकडेच परतली. पुरुषाच्या नावाने चर्च होते आणि मुलाच्या नावाने चळवळ ओळखली जाते. आयुष्य या मातीत घालवणाऱ्या मायलेकींची नावे आमच्या तरुण संघातल्या एकालाही ठाऊक नाहीत. मी विचारून पाहिले आहे.

कोल्हापूरहून काम बाहेर पसरले ते प्रेसबिटेरियन बोर्डाच्या काळात. १८७३ मध्ये रत्नागिरी, १८७७ मध्ये पन्हाळा, १८८४ मध्ये सांगली, १८९२ मध्ये मिरज, आणि पाठोपाठ पन्हाळा तालुक्यातले कोडोली. मिरजेचे डॉक्टर विल्यम वॉनलेस सर्वांना माहीत आहेत. १८९४ मध्ये तेथे इस्पितळ उघडले आणि पुढे त्याच्या जोडीने वैद्यकीय शिक्षणही सुरू झाले. दवाखान्याच्या बाकावर जात विचारत नाहीत ही गोष्ट कोणत्याही उपदेशापेक्षा लांब पोहोचली. परंतु त्याविषयी पुष्कळांनी लिहिले आहे, म्हणून मी पुढे जाते.

आमची मंडळी या पन्हाळा-कोडोलीच्या बाजूच्या कामातून झाली. मोठा दुष्काळ, उपाशी माणसे, मिशनची खडी फोडण्याची कामे, अनाथ मुलांची शाळा आणि त्यातून उभी राहिलेली पाच-सहा घरे, असा तिचा आरंभ आहे आणि आसपासच्या अनेक मंडळ्यांचा तो तसाच आहे. पोटासाठी धर्म बदलला असे आम्हाला ऐकवणारे लोक अजून भेटतात. माझी आजी बायबलबाई होती. पाठीला पिशवी लावून ती वाड्या-वस्त्यांवरून फिरे, बायकांना अक्षरे शिकवी आणि गीते म्हणून दाखवी. कोणी तिला असे बोलले तर ती रागावत नसे. ती म्हणे, "पोटासाठी आलो असू, बाबा. पण राहिलो ते एका पेल्यासाठी." प्रभुभोजनाला, म्हणजे ख्रिस्ताच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणविधीला, तेव्हा सगळी मंडळी एकाच पेल्यातून पीत असे. महार आणि मांग या दोन्ही वस्त्यांतून आलेली माणसे, जी गावात एकमेकांच्या हातचे पाणी घेत नव्हती, ती त्या एका पितळी पेल्याला ओठ लावत. आता आरोग्याच्या कारणाने लहान लहान काचेचे पेले आले आहेत आणि ते योग्यच आहे. आजीचा पितळी पेला पाळकगृहातल्या कपाटात आहे. त्याच्या कडेला एका जागी दाताने पडल्यासारखा पोचा आहे, आणि कोणाच्या दाताचा यावर आमच्याकडे तीन वेगवेगळ्या घराण्यांचा दावा आहे.

जात एका पेल्याने संपली असे मात्र मी लिहिणार नाही. लग्ने जुळवताना दोन्ही बाजूंनी पूर्वीची वस्ती हळूच विचारली जाई आणि पंचांच्या निवडणुकीत तर ती विचारावीही लागत नसे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींच्या सवलती ख्रिस्ती झालेल्यांना मिळू शकल्या नाहीत, त्यामुळे गाव ज्यांना पूर्वीच्याच जातीने ओळखत होता त्यांना कागदावर ती जात उरली नाही. याउलट राजर्षी शाहू महाराजांच्या दरबारात हा लहान समाजही मोजणीत होता. त्यांनी एकेका समाजासाठी वसतिगृहे उभी करवली, त्या माळेत १९१५ मध्ये इंडियन ख्रिश्चन होस्टेलही आहे. माझे आजोबा तेथे राहून शिकले. आणि १९१७ मध्ये महाराजांनी संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे केले, तेव्हा ज्या प्रश्नावरून वायल्डर बॉस्टनशी भांडले होते त्याचे उत्तर कोल्हापूरच्या गादीने देऊन टाकले, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आता नोंदवह्यांकडे वळते, कारण माझ्या हाती जे काही आहे ते त्यांतलेच आहे. आमच्या मंडळीच्या दोन जुन्या वह्या आहेत. एक बाप्तिस्म्याची नोंदवही आणि दुसरी पंचांच्या सभेच्या वृत्तांताची. दोन्ही पाळकगृहातल्या सागवानी पेटीत असत. २०१९ च्या ऑगस्टमध्ये वारणेचे पाणी पाळकगृहाच्या खिडकीपर्यंत चढले आणि चार दिवस तेथेच राहिले. पाणी ओसरल्यावर मी गेले तेव्हा पेटी उघडत नव्हती. लाकूड फुगले होते. सुताराने बिजागऱ्या काढल्या आणि आम्ही दोन्ही वह्या ओट्यावर आणून वर्तमानपत्रांच्या घड्या पानापानांत घालत बसलो. पाने ओल्या पोळीसारखी एकमेकांना चिकटली होती. ती सोडवताना मला अपेक्षा होती की जुने सगळे गेले असेल आणि अलीकडचे वाचता येईल. झाले नेमके उलटे. सुरुवातीची पाने हिरडा आणि हिराकस उकळून केलेल्या काळ्या शाईने लिहिलेली होती. ती शाई कागदाच्या अंगात मुरते आणि काळाबरोबर तपकिरी होते, पण पाण्याला दाद देत नाही. चिखलाचे डाग पडले, कोपरे गेले, परंतु अक्षर जागेवर होते. १९६० नंतरची पाने बाजारच्या निळ्या शाईने फाउंटन पेनात भरून लिहिलेली. ती सगळी वाहून गेली होती. पानामागून पान नुसते आकाशी, जणू कोणी नीळ घातली आहे.

पंचांनी मला या वह्यांची नक्कल करायला सांगितली आणि मी ती सध्या करते आहे. बाप्तिस्म्याच्या वहीत पाच रकाने आहेत: तारीख, नवे नाव, आधीचे नाव, गाव आणि साक्षी. आधीचे नाव हा रकाना पहिल्या पंधरा-वीस पानांवर भरलेला आहे आणि पुढे रिकामा होत जातो, कारण पुढे मुले जन्मतःच मंडळीत आलेली आहेत. पहिल्या पानावरची मोठी माणसे आधीच्या नावांत धोंडी, दगडू, कचरी, नकुशी अशी आहेत. नजर लागू नये म्हणून किंवा मुलगी नको होती म्हणून ठेवलेली नावे. शेजारच्या रकान्यात तीच माणसे शमुवेल, याकोब, रूथ आणि आनंदी होतात. मी शाळेत इतकी वर्षे हजेरी घेतली, पण नाव या गोष्टीपाशी एवढा वेळ कधी थांबले नव्हते.

वृत्तांताच्या वहीत स्वर फार वेगळा आहे. तेथे बाजार आहे. आमच्या गावचा आठवड्याचा बाजार रविवारी भरतो आणि शब्बाथाच्या, म्हणजे देवासाठी राखलेल्या विश्रांतीच्या, दिवशी विक्री करावी की नाही हा प्रश्न पंचांपुढे वर्षानुवर्षे येत राहिला. भाजी रविवारी विकली नाही तर सोमवारी ती जनावरांपुढे टाकावी लागते, हे पंचांनाही कळत होते, कारण त्यांच्यातल्या दोघांची स्वतःची वांगी बाजारात जात. अखेर उपासना सकाळी सातला घ्यावी आणि नंतर काय करायचे ते ज्याचे त्याने पाहावे, असा तोडगा निघाला. आमच्याकडची उपासना अजूनही साताची आहे. बाहेरून आलेल्या पाळकांना याचे नवल वाटते. तेथे शिस्तही आहे. दारू पिऊन मारहाण केली म्हणून एकाला तीन महिने प्रभुभोजनापासून दूर ठेवले आहे आणि चौथ्या महिन्याच्या पानावर तोच माणूस चर्चच्या भिंतीला गिलावा करायला कामावर घेतलेला दिसतो. आणि जागोजागी पैसा आहे: पाळकाचा पगार थकला, दिव्याचे तेल, घंटेची दोरी, कौले.

पगाराची ती ओढाताण वाचताना मला अँडरसन आठवतात. बॉस्टनच्या त्या चिटणिसाला जे हवे होते, की गावच्या मंडळीने आपला पाळक आपल्या पैशाने सांभाळावा, ते आमच्याकडे घडले ते वायल्डरांच्या शाळांत शिकलेल्या माणसांच्या मुलांनी हिशेब लिहून. दोघे एकमेकांना चुकीचे ठरवत गेले. आमच्या वहीत मात्र दोघेही एकाच पानावर बसले आहेत आणि तेथे त्यांचे भांडण काही चालत नाही.

हा पैसा येई कोठून ते पाहायचे असेल तर हंगामाच्या सणाला यावे. सुगीनंतरच्या रविवारी प्रत्येक घर आपल्या पिकातले काहीतरी आणून वेदीपुढे ठेवते. गुळाच्या ढेपा, शेंगांची पोती, उसाच्या मोळ्या, कोंबड्या, अंडी, एखादे करडू. उपासना संपली की आवारातल्या चिंचेखाली लिलाव होतो. लिलाव पुकारणारा माणूस नेहमी एकाच घराण्यातला असतो आणि त्याच्या जिभेला त्या दिवशी सगळे माफ असते. गेल्या वर्षी एका म्हातारीने परसातला एक भोपळा आणला होता, बाजारात पन्नासाला मिळाला असता. तो अकराशेला गेला. घेणाऱ्याने तो तेथल्या तेथे पुन्हा दान दिला, दुसऱ्याने सातशेला घेऊन पुन्हा दिला, आणि तिसऱ्या फेरीला म्हातारीनेच साठ रुपयांना बोली लावून तो उचलला. "माझाच हाय, घरी न्यायचा हाय," असे ती म्हणाली आणि कोणीही तिच्यावर बोली चढवली नाही. खजिनदाराने तिन्ही रकमा स्वतंत्र लिहिल्या. भोपळा एक, नोंदी तीन. ताळेबंद तपासणाऱ्याला हे दर वर्षी समजावून सांगावे लागते.

आता त्या मुलाच्या प्रश्नाचा उरलेला भाग, की फलकावर ते नाव का नाही. १९०४ मध्ये हिंदुस्थानातल्या वेगवेगळ्या प्रेसबिटेरियन मिशनांच्या मंडळ्यांनी मिळून एक भारतीय प्रेसबिटेरियन मंडळी केली. १९२४ मध्ये ती आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया झाली. त्यात अहमदनगरकडच्या, अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्याही होत्या. म्हणजे शाळांच्या वादात जे घर वायल्डरांना सोडावे लागले त्याच घराशी साठ-सत्तर वर्षांनी कोल्हापूरचे पुन्हा नाते जुळले, आणि प्रेसबिटेरियन हे नाव फलकावरून तेव्हाच उतरले. तोंडातून मात्र ते अजून उतरले नाही. मला याची गंमत वाटते. ज्या नावाशी आमचा अधिकृत संबंध चोपन्न वर्षांचाच होता, ते त्यानंतर शंभर वर्षे टिकून आहे.

यानंतरचा टप्पा अधिक नाजूक आहे. १९७० मध्ये, प्रेसबिटेरियन बोर्डाने कोल्हापूर घेतल्याला बरोबर शंभर वर्षे होत असताना, २९ नोव्हेंबरला नागपूरला चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. वेगवेगळ्या पंथांच्या सहा मंडळ्यांचे ते ऐक्य होते आणि त्यात अँग्लिकन होते, बाप्टिस्ट होते, मेथडिस्ट होते. ऐक्याच्या अटींत बिशप होता. जुन्या पंचांना खरी अडचण तेथे होती. बिशप म्हणजे वाईट माणूस असे कोणी म्हणत नव्हते, पण ज्या व्यवस्थेत वरचा माणूसच नाही तिच्यात वरचा माणूस कसा बसवायचा, असा तो सरळ प्रश्न होता. अनेक ठिकाणी यातून फाटाफूट झाली आणि जमिनी व इमारती कोणाच्या यावर कोर्टकचेऱ्या झाल्या. ऐक्यासाठी केलेल्या कामातून दावे निघावेत हे पाहून अण्णा फार कष्टी होत. ते स्वतः ऐक्याच्या बाजूचे होते की विरोधातले, हे त्यांनी घरात कधी सांगितले नाही. पंचांच्या सभेत काय बोलले ते बाहेर सांगायचे नसते, एवढेच त्यांचे उत्तर असे, आणि आई म्हणे की या माणसाने मंडळीची गुपिते सांभाळली तशी दुकानाची उधारी सांभाळली असती तर बरे झाले असते.

त्या वर्षी सभेचे वृत्तांत लिहिण्याचे काम अण्णांकडे होते. अर्थात निळी शाई. नक्कल करताना मी त्या पानापाशी आले तेव्हा ते पूर्ण कोरे दिसत होते, फक्त वरच्या कोपऱ्यात शाईचा एक गडद ओघळ. पण अण्णा निब फार दाबून लिहीत. माझ्या नातवाने खोलीतला दिवा घालवला आणि मोबाइलचा टॉर्च पानाच्या कडेला आडवा धरला. कागदावर खाचा उमटल्या. आम्ही दोघे पाऊण तास ते अक्षर एकेक करून सोडवत होतो. हजर सात, गैरहजर दोन. प्रार्थना झाली. सिनडकडून आलेले पत्र वाचून दाखवण्यात आले. मग चार ओळी काही केल्या लागेनात, तेथे कागदच खरवडला गेला होता. शेवटची ओळ मात्र स्वच्छ लागली, आणि तिच्याखाली अण्णांची सही: वेळ झाल्यामुळे हा विषय पुढील सभेत घेण्याचे सर्वानुमते ठरले.